तिथीची पाऊणपट

मामाचा फोन आला की तो तारीख सांगत नाही, तिथी सांगतो. "पौषातल्या वद्य चतुर्थीला ये, आणि आदल्या रात्रीच मुक्कामाला ये गो, पहाटे पुण्याहून निघून धावतपळत नको." एवढं बोलून फोन ठेवतो. मग मी कॅलेंडर काढते, संकष्टी कुठल्या वारी येतेय ते बघते आणि रजा टाकते. हरिहरेश्वरला जायचं तर समुद्राच्या वेळेनं जायचं ही आमच्या आजोळची रीत, आणि चाळिशी उलटल्यावर मला ती इतकी पटलीये की शनिवार-रविवार मोकळा आहे म्हणून तिथे जायचं हे आता मनातच येत नाही.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. रायगड जिल्ह्याच्या पार दक्षिणेला, श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथे एक डोंगर थेट समुद्रात घुसलाय. पायथ्याशी देऊळ आहे, पेशव्यांचं कुलदैवत, दक्षिण काशी म्हणतात, लोक पिंडदानाला येतात. आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, मग परत काळभैरवाचं. हे सगळं गाडीतून उतरून तासाभरात होतं आणि बरेच जण तेवढं करून मोदक खाऊन परत जातात. पण खरं हरिहरेश्वर देवळाच्या मागे आहे. तिथून पायऱ्या डोंगरावर चढतात, आणि वर पोचलात की दोन कड्यांच्या मधल्या फटीतून दुसऱ्या पायऱ्या सरळ खाली समुद्रात उतरतात. दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडचा कातळ हाताला लागेल की काय असं वाटतं. समुद्र दिसायच्या आधी ऐकू येतो, त्या फटीत त्याचा आवाज कोंडलेला असतो, एकदम छातीत येतो. आणि मग शेवटची वळती पायरी संपली की समोर फक्त पाणी आणि काळा कातळ.

तिथून पुढे डोंगराला प्रदक्षिणा. डोंगर उजव्या हाताला, समुद्र डाव्या. चालायचं ते लाटांनीच कापून सपाट केलेल्या कातळावरून, कुठे अंगणासारखा सरळ, कुठे फुटलेला, मध्ये चर, मध्ये पाण्यानं भरलेली डबकी. आणि हा रस्ता दिवसातून दोनदा असतो आणि दोनदा नसतो. ओहोटीला असतो. भरतीला तिथे लाटा डोंगराच्या भिंतीवर आपटत असतात, रस्ता वगैरे काही नाही.

आजीला घड्याळ बघता यायचं, पण समुद्रासाठी ती घड्याळ वापरत नव्हती. तिचं गणित एका ओळीचं, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. पहाटे तीनला आणि परत दुपारी तीनच्या पुढे. भरतीपासून सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, ती नऊला. अष्टमीला सहाला भरती, बाराला सुकती. वद्य पक्षातही तसंच, प्रतिपदेपासून परत एक दोन तीन. एवढंच. पुस्तक नको, अॅप नको. पुढे मोठी झाल्यावर मी हे बसून तपासलं, कारण मला ते जादूसारखं वाटायचं. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, तीस तिथ्यांत चोवीस तासांचं चक्र पुरं करतो, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. आजीची पाऊणपट म्हणजे ४५. तिथीमागे तीन मिनिटांची चूक, ती साठत साठत पंधराव्या तिथीला पाऊण तास होते, गणितानं सव्वाअकरा येतात आणि समुद्र मात्र बाराच्या सुमाराला भरतो. आणि आजी नेहमी म्हणायची, "पुनवेला नि अवसेला पाऊणपट करत बसू नका, सरळ बारा धरा." म्हणजे तिला, तिच्या आधीच्या कुणाला तरी, ती तीन मिनिटं माहीत होती. हे लक्षात आलं तेव्हा मी किती तरी वेळ वहीसमोर तशीच बसून होते.

हे गणित आपल्या या किनाऱ्याचं हं, जगातल्या कुठल्याही समुद्राला लावू नका. प्रत्येक किनाऱ्याचा चंद्राशी हिशोब वेगळा असतो. पाणी किती चढतं तेही वेगळं. मुंबईला उधाणाच्या दिवशी साडेचार मीटरच्या वर भरती जाते, खाली वेंगुर्ल्याकडे जाल तसं ते कमी कमी होत जातं. आणि नुसती वेळ कळून भागत नाही, उधाण आहे की भांग हेही बघावं लागतं. पुनव-अवसेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढतही नाही फार आणि उतरतही नाही, म्हणजे सुकतीलाही खालचा कातळ धड उघडा पडत नाही. चतुर्थीला उधाणाचा जोर अजून असतो आणि सुकती सकाळी नऊला येते, ऊन कोवळं असतं. म्हणून मामा चतुर्थी सांगतो.

हे सगळं मला लहानपणी पाठ होतं. पाठ होतं पण कळलेलं नव्हतं.

मी सतरा वर्षांची असेन, दिवाळीत आजोळी आलेले. भाऊबीज. सकाळी ओवाळणं झालं, फराळ झाला, आणि मी, माझा मामेभाऊ आणि मावसबहीण असे तिघं साडेदहाला प्रदक्षिणेला निघालो. कुणाला विचारलं नाही. पायऱ्या उतरलो तेव्हा कातळ मोकळाच दिसत होता, ओला होता पण मोकळा. अर्ध्या वाटेत एक चर लागतो, खाली पाणी असतं, लांब ढांग टाकून ओलांडायचा. तो आम्ही ओलांडला, पुढे गेलो, डबक्यातले मासे बघत बसलो, आणि मागे वळून बघितलं तर तो चर दिसेना. पांढरा फेस फक्त. पुढे बघितलं तर पुढच्या वळणाला लाट भिंतीला टेकत होती. मी तोवर समुद्राला घाबरले नव्हते. लाट आली ती कमरेपर्यंत आली, फार मोठी नव्हती, पण परत जाताना तिनं पायाखालून सगळं ओढून नेलं, आणि माझी मावसबहीण गुडघ्यावर पडली ती नेमकी कालवांवर. कालवांच्या शिंपा ब्लेडसारख्या असतात. गुडघा उभा चिरला. मामेभावानं तिला बखोटीला धरून वर ओढलं आणि आम्ही भिंतीच्या एका तिरप्या भागावरून सरपटत वर चढलो, जिथे करवंदीची जाळी कड्याला लटकलेली होती, तिथे एका बाकाएवढ्या कपारीत बसलो. ओढणी फाडून गुडघ्याला बांधली. आणि मग वाट बघितली. साडेअकरा ते जवळजवळ चार. दुसरं काही करताच येत नव्हतं.

त्या साडेचार तासांत मी तो डोंगर पहिल्यांदा बघितला.

पाठीमागची भिंत नाकापासून वीतभर अंतरावर होती. हरिहरेश्वरचे फोटो बघितले असतील तर ती माहीत असेल, कातळाला मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली, शेकडो, हजारो, काही करंगळीएवढी, काही वाटीएवढी, काहींत डोकं जाईल अशी. मधल्या भिंती पापडासारख्या पातळ. आम्हाला लहानपणी कुणी तरी सांगितलेलं की लाटांनी भोकं पाडली, आणि तिथे बसल्यावर मला दिसत होतं की लाट इथवर येतच नाहीये. येतात ते तुषार. दर लाटेला तुषार उडायचे, भिंत काळी ओली व्हायची, मग दुपारचं ऊन, पाच-दहा मिनिटांत ती परत करडी. आणि भोकांच्या आत, जिथे सावली होती, तिथे ओल तशीच राहायची. मी एका भोकात बोट फिरवून चाटलं. मीठ. आणि बोटाला बारीक रवाळ भुगा लागला, कातळाचाच.

पुढे कॉलेजात वाचलं तेव्हा हेच निघालं. खाऱ्या पाण्याचे थेंब दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतात, पाणी उडून जातं, मीठ राहतं, मिठाचे स्फटिक वाढताना आजूबाजूच्या कणांना ढकलतात, कण सुटतो. खळगा पडला की त्यात सावली, सावलीत ओल जास्त वेळ, ओलीत अजून मीठ, म्हणून खळगा अजून खोल होत जातो आणि कडा मागे उभ्या राहतात. कातळ फोडलाय तो मिठानं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा कातळ, सह्याद्री ज्याचा झालाय तोच, सेशेल्सचा तुकडा आपल्या भूमीपासून सुटून पश्चिमेकडे निघून गेला त्याच्या थोडा आधीचा. एवढा मोठा तुकडा तुटून गेला त्या बाजूचा हा किनारा, आणि त्याला आता मिठाचा एक एक कण पोखरतोय. हे समजल्यापासून मला जेवणातलं मीठ हातात घेताना सुद्धा ते आठवतं.

आणि खाली लाटा. वरून बघितल्यावर एक गोष्ट कळली जी पुळणीवर, वाळूच्या किनाऱ्यावर, उभं राहून कधी कळली नसती. लाटांच्या रेषा लांबून सरळ येत होत्या, पण टोकाजवळ आल्या की वाकायच्या, दोन्ही बाजूंनी डोंगराकडे वळायच्या, जणू कुणी चादरीचं टोक धरून ओढतंय. टोकापुढे तळ उथळ आहे, तिथे लाट हळू होते, बाजूला खोल पाण्यात ती पुढे पळते, म्हणून रेघ वाकते आणि लाटेचा सगळा जोर समुद्रात घुसलेल्या डोंगरावर येऊन पडतो. शेजारच्या खोलगट किनाऱ्याला मात्र ती पसरून, दमून पोचते. म्हणून डोंगराला कडे आणि शेजारी मऊ पुळण. आपण पुळणीवर चप्पल काढून निवांत चालतो ना, शेजारचं टोक तेवढा मार खात असतं. आणि फुटलेल्या टोकाचा चुरा होऊन त्यातला काही तिथेच पुळणीत येऊन पडतो.

साडेतीनच्या पुढे पाणी बरंच उतरलं. चर परत दिसला. आम्ही उतरलो, लंगडत घरी गेलो. आजी ओसरीवर होती. ओरडली नाही, बहिणीचा गुडघा हळद लावून बांधला, मग माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, "आज तिथी काय?" द्वितीया. "पाऊणपट किती?" दीड. "दीडला पूर्ण भरती नि तुम्ही साडेदहाला उतरलात. वर अवस परवाच झालीये. उधाण." मी रडायला लागले तेव्हा तिनं जवळ घेतलं, आणि तिचेही हात कापत होते ते मला कळलं. बहिणीच्या गुडघ्यावर तो व्रण अजून आहे.

म्हणून मी हे कळवळून सांगतेय. त्या रस्त्यावर माणसं गेली आहेत, वाहून गेली आहेत, आणि बहुतेक वेळा समुद्र खवळलेला नसतो. चांगला दिवस असतो, ऊन असतं, फोटो काढायचा असतो. काही लहान लाटांनंतर मधेच दोन-तीन मोठ्या येतात, पाठ समुद्राकडे असेल तर त्या दिसत नाहीत. हिरवा कातळ दिसला तर त्यावर पाय ठेवू नका, ते शेवाळं बर्फासारखं निसटतं. पावसाळ्यात तर खाली उतरूच नका, जून-जुलै होड्यासुद्धा समुद्रात जात नाहीत, मासेमारी बंद असते, मग आपण कुठे जायचं. आणि खाली उतरायच्या आधी देवळाजवळच्या कुणाही दुकानदाराला विचारा, सुकती कधी आहे. त्यांना माहीत असतं. नसेल वेळ जुळत तर थांबा, किंवा परत या. परत येण्यासारखी जागा आहे ती.

सुकतीला खाली काय काय असतं ते सांगायला एक लेख पुरणार नाही. प्रत्येक डबकं वेगळं. वरच्या पट्ट्यात, जिथे पाणी थोडाच वेळ येतं, तिथे छोट्या गोगलगायी फटीत दाटीवाटीनं चिकटलेल्या, त्याखाली कालवं, त्याखाली हिरवं-तपकिरी शेवाळं, आणि अगदी खाली, जे उधाणाच्या सुकतीलाच उघडं पडतं, तिथे समुद्रफुलं, बोट नेलं की मिटणारी. समुद्र किती वेळ कुठे थांबतो ते या पट्ट्यांवरून कळतं, कुणी रेघा मारून ठेवल्यासारखं. राखाडी समुद्रबगळा एका पायावर उभा असतो. मागच्या हिवाळ्यात एक मावशी कालवं काढत होत्या, एका हातात लोखंडी टोचा, कमरेला पिशवी, ठक ठक दोन घाव आणि शिंप उघडी. मी घड्याळ बघितलं तर त्या मान वर न करता म्हणाल्या, "अजून हाय अर्धा तास." त्यांची पाठ समुद्राकडे नव्हती. एकदाही नाही.

प्रदक्षिणेत दक्षिणेकडे वळलं की सावित्रीचं मुख दिसतं, पलीकडे रत्नागिरी जिल्हा, बाणकोटचा किल्ला, इंग्रजांनी ज्याचं फोर्ट व्हिक्टोरिया केलं होतं, त्याच्यामागे वेळास, जिथे कासवं अंडी घालायला येतात. बागमांडल्याहून फेरीबोटीनं गाडीसकट पलीकडे जाता येतं. नदीचं पाणी गढूळ आणि समुद्राचं निळसर, दोघांची शीव स्पष्ट दिसते, सरकत असते. ही नदी महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर, महाड करत इथे येते. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळचा जुना पूल पुरात वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या, तेव्हा शोध खाडीभर चालला होता, पार समुद्रापर्यंत. मामा सांगतो, गावातले लोक पावसात भिजत किनाऱ्यावर फिरत होते. तेव्हापासून तिथे उभं राहिलं की मी नदीकडे तोंड करून थोडा वेळ थांबते. हात जोडले जातात.

आणि ३ जून २०२०. निसर्ग वादळ. आजी तोवर गेली होती आणि तिनं ते बघितलं नाही हे बरंच झालं, कारण मामाच्या वाडीतली सुपारी एका दुपारीत आडवी झाली. श्रीवर्धनची रोठा सुपारी हे त्या पट्ट्याचं पोट आहे, आणि पोफळ लावल्यावर धरायला सात-आठ वर्षं लागतात. फोन लागत नव्हते, लाईट कित्येक दिवस नव्हती. आम्हाला जाता आलं ते पुढच्या हिवाळ्यात. वाडीत आभाळ दिसत होतं, जिथे कधी दिसलं नव्हतं. मामा बोलत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच म्हणाला, चल, सुकती आहे.

फटीतून उतरलो. कातळावर एक चपटा दगड होता, आजी प्रदक्षिणेत दरवेळी त्यावर बसून पाणी प्यायची, आम्ही त्याला आजीचा पाट म्हणायचो. तो जागेवर नव्हता. बऱ्याच पुढे चरात उलटा पडलेला सापडला, खालची बाजू वर, तिच्यावर जुनी वाळलेली कालवं. तेवढा दगड चार माणसांना हलला नसता. मामा त्याच्याजवळ वाकला, हात ठेवला. मग दोघं भिंतीपाशी गेलो, त्या कपारीखाली. पोळं तसंच होतं. पापडासारख्या त्या भिंती, बोटानं दाबल्या तर भुगा होईल अशा, त्यातली एकही मला मोडलेली दिसली नाही. कदाचित मोडली असेल, मला हजारात काय कळणार, पण मी बराच वेळ बघत होते. मामानंही एका भोकात बोट फिरवलं आणि चाटलं. मी त्याला तसं करताना आधी कधी बघितलं नव्हतं.

या वर्षी पोरगी बरोबर होती, अकरा वर्षांची. आजीचा उलटा पाट तिच्यासाठी नुसताच पाट आहे, तिनं सुलटा बघितलेलाच नाही, त्यावर बसून बिस्किटं खाल्ली. डोक्यावर समुद्री गरुड तरंगत होता, पांढऱ्या पोटाचा, पंख न हलवता. वाडीत मामानं लावलेली नवीन पोफळ तिच्या डोक्याच्या वर गेलीये. निघताना तिनं विचारलं की परत कधी यायचं, तर मामा म्हणाला परीक्षा झाली की चैत्रात या, दशमीला.

ती बोटांवर मोजायला लागली. "दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला भरती. मग सुकती... दीड."

"मग?" मामा म्हणाला.

"मग दीडला उतरायचं."

"चैत्रात दीडला? अनवाणी?" मामानं कातळाला हात लावून दाखवला, पौषातल्या सकाळी दहा वाजताही तो कोमट झाला होता. ती थोडा वेळ विचार करत उभी राहिली, ओठ हलत होते, आणि चरात पाणी परत यायला लागलं होतं म्हणून मामानं तिचा हात धरला, आणि चालता चालता ती म्हणाली, "मग पुनवेला. बारा धरायचे. सकाळी सहाला उतरू."